तीन मिनिटांत एईडी: पुण्यातल्या सोसायटीत आणि जिल्ह्यातल्या गावात शॉकचं यंत्र कसं बसवावं

चालता चालता माणूस कोसळतो. हाक मारली तर ओ देत नाही, श्वास नीट चालत नाही. मग आपल्याकडे जे होतं ते सगळ्यांनी कधी ना कधी पाहिलेलं असतं. कोणी तोंडावर पाणी मारतं, कोणी कांदा नाहीतर चप्पल नाकाशी धरतं, दोघंतिघं बगलेत हात घालून त्याला बसवायला बघतात आणि 'रिक्षा थांबवा, रिक्षा' असा गलका सुरू होतो. यात पाच-सात मिनिटं कुठल्या कुठे जातात. हृदय बंद पडलं असेल तर त्या माणसाकडे जवळपास तेवढीच मिनिटं असतात. छाती दाबली नाही आणि विजेचा शॉक मिळाला नाही, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी खाली येते.

शॉक देणारं छोटं यंत्र म्हणजे एईडी. गेल्या काही वर्षांत ते पुण्यातल्या मॉलमध्ये, आयटी कंपन्यांत, काही सोसायट्यांच्या क्लबहाउसमध्ये दिसू लागलं आहे. ही चांगलीच गोष्ट आहे. पण यंत्र विकत घेणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग. ते कोसळलेल्या माणसाच्या छातीपर्यंत तीन मिनिटांत पोचवणं, रात्री दोन वाजतासुद्धा, हे खरं काम. हा लेख त्या कामाबद्दल आहे. सोसायटीची कमिटी, गणेश मंडळ, ग्रामपंचायत, तालीम, जिम, शाळा यांपैकी कोणालाही तो वापरता येईल.

यंत्र नेमकं काय करतं

हार्ट अटॅक आणि हृदय बंद पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हार्ट अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी नळी तुंबते. माणूस शुद्धीवर असतो, छातीत दुखतंय म्हणून सांगतो, घाम फुटलेला असतो. त्याला एईडी लागत नाही, त्याला ताबडतोब हॉस्पिटल लागतं. हृदय बंद पडतं तेव्हा माणूस बेशुद्ध असतो आणि नाडी नसते. अनेकदा अशा वेळी हृदय पूर्ण थांबलेलं नसतं. त्याची वीज बिघडलेली असते, ते नुसतं थरथरत असतं आणि रक्त पुढे ढकलत नाही. शॉकने ती थरथर मोडते आणि हृदयाला आपला ठेका पुन्हा धरायची संधी मिळते.

छातीवर दोन चिकट पॅड लावले की एईडी स्वतः हृदयाची लय तपासतं. शॉक उपयोगी पडेल अशी लय असेल तरच ते शॉक देतं, नाहीतर बटण दाबूनही देत नाही. हृदय पूर्ण निपचित पडलं असेल तर ते 'शॉक नको, छाती दाबत राहा' असं सांगतं. म्हणून 'चुकून चांगल्या माणसाला शॉक बसला तर' ही भीती सोडून द्यावी. १९६५ साली बेलफास्टमध्ये डॉ. फ्रँक पँट्रिज यांनी रुग्णवाहिकेत नेता येईल असं पहिलं यंत्र बनवलं, त्याचं वजन ७० किलो होतं. आजचं एईडी शाळकरी मूलही उचलून आणेल.

ते वापरायला डॉक्टर लागत नाही. अमेरिकेतल्या कॅसिनोंमधला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. तिथे शॉक देणारे होते सुरक्षारक्षक. लोकांच्या डोळ्यांदेखत कोसळलेल्या आणि हृदय थरथरत असलेल्या ज्या रुग्णांना तीन मिनिटांच्या आत शॉक मिळाला, त्यांच्यातले ७४ टक्के जगले. तीन मिनिटांनंतर मिळाला त्यांच्यातले ४९ टक्के. आपल्या प्रत्येक सोसायटीच्या गेटवर वॉचमन असतोच. त्या अभ्यासातला सगळ्यात महत्त्वाचा माणूस आपल्याकडे आधीपासून पगारावर आहे.

पहिलं काम: घड्याळ लावून चाला

कोटेशन मागवण्याआधी हे करा. फोनवर स्टॉपवॉच लावा आणि तुमच्या आवारातल्या सगळ्यात लांबच्या कोपऱ्यातून निघा. जिथे यंत्र ठेवायचा विचार आहे तिथपर्यंत जा, पेटी उघडल्यासारखं करा आणि परत या. जाऊन-येऊन तीन मिनिटं. म्हणजे एका बाजूला दीड मिनिट. झपझप चालणाऱ्या माणसासाठी ते जेमतेम दीडशे मीटर होतात.

हीच फेरी रात्री अकरानंतर पुन्हा करा, कारण दिवसाचा नकाशा आणि रात्रीचा नकाशा वेगळा असतो. सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीत मी वॉचमनकाकांबरोबर अशी फेरी मारली होती. दिवसा सगळं झकास होतं. यंत्र क्लबहाउसमध्ये, क्लबहाउस मधोमध. रात्री निघालो तर डी विंगकडचं छोटं गेट अकराला बंद झालेलं, म्हणजे पार्किंगला वळसा. क्लबहाउसला कुलूप. किल्ली मॅनेजरच्या ड्रॉवरमध्ये आणि मॅनेजर धायरीला, स्वतःच्या घरी. वळसा घालून लिफ्टपाशी परत आलो तर ती अकराव्या मजल्यावर अडकलेली, कोणीतरी दार नीट लावलं नव्हतं. काका म्हणाले, 'साहेब, आग लागली तरी मला आधी मॅनेजरला फोन लावावा लागेल.' त्या आवारात यंत्र होतं, पण रात्री ते कोणाच्याही उपयोगाचं नव्हतं. पुढच्या आठवड्यात पेटी गेटजवळच्या लॉबीत आली आणि डी विंगच्या छोट्या गेटची दुसरी किल्ली वॉचमनकडे. खर्च शून्य.

उंच इमारतीत मजल्यांचाही हिशोब धरा. वीस मजल्यांच्या टॉवरमध्ये लिफ्टची वाट पाहण्यातच एक मिनिट जातं. एकाच आवारात पाच-सहा टॉवर असतील तर एक यंत्र पुरत नाही, हे फेरीतच कळतं. पैसे एकाचेच असतील तर ते चोवीस तास माणूस असलेल्या गेटवर ठेवा. फोन आला की वॉचमन यंत्र घेऊन निघेल आणि रुग्णाजवळचा माणूस तिथेच थांबून छाती दाबत राहील. अशाने एकेरी वेळ मोजावा लागतो, दुहेरी नाही. मोठ्या आवारात हीच पद्धत मला सगळ्यात भरवशाची वाटते.

जागा कुठली

नियम एकच: कुलूप नको. चोरीची भीती असते, ती खोटी नाही. त्यावर उपाय म्हणजे उघडताच कर्कश वाजणारी पेटी आणि वर कॅमेरा. काही कमिट्या काचेच्या पेटीला कुलूप लावून 'किल्ली ऑफिसमध्ये' अशी चिठ्ठी लावतात. त्यापेक्षा यंत्र न घेतलेलं बरं, कारण लोक त्याच्या भरवशावर राहतात.

उन्हाचा विचार करा. बहुतेक यंत्रं ५० अंशांपर्यंत चालतात. पण एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या वॉचमन केबिनमध्ये किंवा बंद गाडीच्या डिकीत पारा कुठे जातो ते आपल्याला माहीत आहे. उष्णतेने पॅडवरचं जेल सुकतं आणि बॅटरी उतरते. सावलीतली भिंत शोधा. मुळशी, वेल्हे, भोरच्या पट्ट्यात उलटी अडचण: पावसाळ्यात चार महिने ओल. तिथे धूळ-पाण्यापासून संरक्षणाचं आयपी ५५ किंवा त्यावरचं मानांकन असलेलं यंत्र घ्या आणि पेटी ओल धरणाऱ्या भिंतीपासून थोडी पुढे बसवा.

गावात प्रश्न वेगळा असतो. पहिलं नाव ग्रामपंचायत कार्यालयाचं निघतं, कारण कागदोपत्री तीच जागा सोयीची. पण कार्यालय संध्याकाळी बंद होतं, शनिवार-रविवारी बंद असतं. प्राथमिक आरोग्य उपकेंद्राचीही तीच गत. गावातली पहाटे उघडणारी जागा कुठली? बहुतेक गावांत दूध संकलन केंद्र. पहाटे पाच-साडेपाचला तिथे कॅन घेऊन माणसं येतात, संध्याकाळी पुन्हा येतात, आणि डेअरीवाला शेजारीच राहत असतो. मंदिराचा सभामंडप रात्री उघडा असतो, तोही चांगला. सभामंडपात यंत्र ठेवायचं असेल तर दिवाबत्ती करणाऱ्या गुरवांना आणि समोरच्या दोन घरांना आधी विश्वासात घ्या. राखण तेच करणार आहेत.

वाड्या-वस्त्या विखुरलेल्या असतील, पानशेतच्या पलीकडे असतात तशा, तर गावठाणातल्या यंत्राचा दोन-तीन किलोमीटरवरच्या वस्तीला तीन मिनिटांत उपयोग होणार नाही, हे मान्य करून नियोजन करावं. तिथे यंत्र फिरतं ठेवा. ज्या तरुणाची दुचाकी घरासमोर असते, जो रात्री गावातच असतो आणि ज्याचा फोन लागतो, त्याच्या घरी यंत्र. आणि वस्तीवरच्या प्रत्येक घरात निदान एकाला छाती दाबता आली पाहिजे. छाती दाबत राहिलं तर शक्यता घटण्याचा वेग मंदावतो, दुचाकी पोचेपर्यंतची मिनिटं त्यातूनच मिळतात. दुर्गम भागात मी एका यंत्राच्या पैशांइतकंच वजन या शिकवण्याला देईन.

गर्दीच्या दिवसांचं वेगळं बघावं लागतं. विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता तासन् तास भरलेला असतो आणि रुग्णवाहिकेला वाट काढणं कठीण. मंडपात मात्र दहाही दिवस, रात्रभर कार्यकर्ते जागे असतात. एखाद्या मंडळाने त्या काळात मंडपात एईडी ठेवलं आणि चार कार्यकर्ते तयार केले, तर त्या गल्लीला त्याहून चांगली सोय नाही. फक्त एक लक्षात ठेवा: ढोल-ताशाच्या दणक्यात यंत्राचा आवाज ऐकू येत नाही. चित्रं किंवा अक्षरं दाखवणारा पडदा असलेलं मॉडेल घ्या, आणि पहिल्या क्षणी वादन थांबवायचं काम एका माणसाला आधीच नेमून द्या. आषाढी वारीत पालखी दिवे घाट चढते तेव्हा वारकऱ्यांबरोबर चालणाऱ्या सेवा पथकांनाही हेच लागू. वयस्कर माणसं, चढ, दमट हवा आणि पुढे-मागे लाखोंची गर्दी. तिथे यंत्र गाडीत नको, चालणाऱ्याच्या पाठीवरच्या पिशवीत हवं. रविवारी सकाळी आतकरवाडीतून सिंहगड चढणाऱ्या गटांनीही याचा विचार करावा.

पैसे

कंपनी आणि मॉडेलप्रमाणे यंत्राची किंमत लाखाच्या आगेमागे सुरू होते आणि वर जाते. त्यात पेटी, जादा पॅड, पुढची बॅटरी धरून पाच वर्षांचा आकडा काढा. समजा तो दोन लाख आला आणि फ्लॅट शंभर आहेत, तर फ्लॅटमागे महिन्याला ३३-३४ रुपये होतात. सभेत 'दोन लाखांचं यंत्र' असं सांगितलं की विरोध होतो, महिन्याचा आकडा सांगितला की चर्चा जागेवर येते. विषय वार्षिक सर्वसाधारण सभेच्या अजेंड्यावर लेखी घ्या. ही सभा ३० सप्टेंबरपूर्वी होते, म्हणजे जुलैमध्येच कोटेशन हातात हवीत. ठरावात नुसती खरेदी लिहू नका, दर वर्षीच्या देखभालीची तरतूदही त्याच ठरावात बसवा.

गावासाठी दोन वाटा आहेत. एक, ग्रामपंचायत विकास आराखडा. त्याची तयारी ऑक्टोबरपासून सुरू होते, तेव्हा ग्रामसभेत विषय मांडून आरोग्याखाली नाव लावून घ्या. सरपंच आणि ग्रामसेवकांना आधी भेटा, सभेत एकदम विषय काढला तर तो 'पुढच्या वेळी बघू'मध्ये जातो. दुसरी वाट सीएसआर. चाकण, रांजणगाव, तळेगाव, कुरकुंभच्या एमआयडीसीतल्या मोठ्या कंपन्यांना कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली नफ्याचा दोन टक्के भाग समाजकामावर खर्च करावा लागतो आणि आरोग्य त्यात बसतं. अर्जात एका यंत्राऐवजी 'एक यंत्र, पाच वर्षांचे पॅड आणि बॅटरी, वर्षातून दोन प्रशिक्षणं' एवढं सगळं मागा. देणगीत आलेलं यंत्र दोन वर्षांनी पॅडची मुदत संपून तसंच लटकत राहिलेलं मी पाहिलं आहे. फलकावर दात्याचं नाव मात्र ठळक होतं.

विकत घेताना विक्रेत्याला काय विचाराल

सीडीएससीओचा (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणारी केंद्र सरकारची संस्था) परवाना क्रमांक मागा आणि तो कोटेशनवर छापून घ्या. पॅड आणि बॅटरी वेगवेगळे बदलायचे आहेत की एकत्र, त्यांची मुदत किती आणि आजची किंमत किती, हे लेखी घ्या. साधारणपणे पॅडची मुदत दोन ते पाच वर्षं आणि न वापरता ठेवलेल्या बॅटरीची चार-पाच वर्षं असते, पण मॉडेलप्रमाणे फरक पडतो. स्वस्त यंत्राचे पॅड महाग, असा प्रकार असतो. पॅड पुण्यात मिळतात की बाहेरून मागवावे लागतात आणि किती दिवसांत येतात, हा प्रश्न विसरू नका.

यंत्र बोलतं कुठल्या भाषेत ते समोर चालू करून ऐका. मराठी मिळालं तर उत्तम, निदान हिंदी हवं. फक्त इंग्रजी असेल तर दुसरं बघा. रात्री दोन वाजता लॉबीत उभ्या असलेल्या वॉचमनला इंग्रजी आज्ञा कळणार नाहीत आणि त्याला ते कळावं अशी अपेक्षा ठेवणंही अन्यायाचं आहे. लहान मुलांसाठीची सोय विचारा. आठ वर्षांखालच्या किंवा साधारण २५ किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलाला कमी ताकदीचा शॉक लागतो. काही यंत्रांत त्यासाठी वेगळे पॅड असतात, काहींत नुसतं एक बटण. तशी सोय नसेल तर मोठ्यांचेच पॅड एक छातीवर आणि एक पाठीवर लावून वापरायचे असतात.

पेटीत यंत्राबरोबर हेही ठेवा: कपडे कापायची बळकट कात्री, वापरून टाकायचं रेझर, छोटा टॉवेल, हातमोजे. दाट केसांवर पॅड चिकटत नाही, घामावरही नाही. या चार वस्तूंवर शे-दोनशे रुपये लागतात आणि त्या नसल्या तर लाखाचं यंत्र अडून बसतं.

माणसं तयार करणं

यावर सगळ्यात जास्त वेळ घाला. कोणाला शिकवायचं? रात्री आवारात कोण असतं त्यांना आधी: वॉचमन, लिफ्टमन, सोसायटीत राहणारं हाउसकीपिंगचं कुटुंब. मग दिवसभर घरी असणाऱ्या गृहिणी आणि निवृत्त मंडळी, कारण भरदुपारी नोकरदार कोणीच नसतं. मग कॉलेजची मुलं. गावात आशाताई, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील, डेअरीवाला, तालमीतली पोरं, शाळेचे शिक्षक. डॉक्टर शेजारी असतील तर आनंद आहे, पण त्यांच्या भरवशावर योजना आखू नका, ते त्या वेळी दवाखान्यात असतील.

शिकवायला कोण? इंडियन रेड क्रॉस सोसायटी आणि सेंट जॉन ॲम्ब्युलन्स प्रथमोपचाराचे वर्ग घेतात. भूलतज्ज्ञांच्या संघटनेने सामान्य माणसासाठी फक्त छाती दाबण्यावर आधारलेला 'कोल्स' हा छोटा अभ्यासक्रम तयार केला आहे, तो दीड-दोन तासांत होतो आणि सोसायटीसाठी अगदी योग्य आहे. व्याख्यान नको, पुतळ्यावर प्रत्येकाचा हात पडला पाहिजे. वीस माणसांत दोन पुतळे असतील तर निम्मे लोक नुसते बघून घरी जातात.

वेग मिनिटाला १०० ते १२० दाब. फोनवर मेट्रोनोम (ठरावीक वेगाने ठेका वाजवणारं ॲप) ११० वर लावून सराव करा. ढोल-ताशा पथकातल्या मुलामुलींना ठेका शिकवावा लागत नाही, त्यांना खोली शिकवावी लागते: किमान ५ सेंटिमीटर, पण ६ च्या वर नको, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दोन मिनिटांत दमछाक होते, म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. ही अदलाबदल सरावातच बसवावी.

प्रशिक्षणात एक गोष्ट उघड बोलली गेली पाहिजे. कोसळलेली व्यक्ती बाई असेल तर आपल्याकडे हात आखडतात. ब्लाउज कसा कापायचा, लोक काय म्हणतील, या विचारात मिनिटं जातात. बाईच्या छातीवरही पॅड उघड्या त्वचेवरच लागतात, दुसरा मार्ग नाही. म्हणून शिकवताना हे स्पष्ट करा: एकीने कपडे बाजूला करायचे, दोघींनी ओढणी किंवा चादर आडवी धरायची आणि काम चालू ठेवायचं. मंगळसूत्र कापायची गरज नाही, ते पॅडखाली येणार नाही असं बाजूला सारायचं. पुरुषाच्या गळ्यातली साखळी, ताईत, जानवं यांचंही तसंच. बायकांच्या तुकडीत हे सगळं पुतळ्यावर करून बघितलं की संकोच बराचसा जातो.

मग सहा महिन्यांतून एकदा न सांगता सराव. गेटवर फोन करायचा, 'बी विंग, सातवा मजला, माणूस कोसळला', आणि घड्याळ बघायचं. तीनच्या ऐवजी साडेपाच मिनिटं लागली तर कोणाला बोल लावू नका. अडकलं कुठे ते शोधा, बहुतेक वेळा एखादी किल्ली किंवा न लागणारा इंटरकॉम सापडतो.

पेटीशेजारी लावायचा कागद

मोठ्या मराठी अक्षरात, लॅमिनेट करून, यंत्राशेजारी आणि प्रत्येक लिफ्टमध्ये:

१. खांदे हलवून मोठ्याने हाक मारा. ओ देत नाही आणि श्वास नीट नाही? दहा सेकंदांपेक्षा जास्त बघत बसू नका. मधूनच येणारे आचके, घोरल्यासारखा आवाज म्हणजे श्वास नव्हे.

२. एकाने १०८ ला फोन करा, स्पीकर चालू ठेवा. पत्ता: (इथे तुमच्या सोसायटीचं नाव, रस्ता, जवळची खूण आधीच छापा). दुसऱ्याने गेटवर फोन करून यंत्र मागवा.

३. पलंगावरून किंवा सोफ्यावरून खाली कडक जमिनीवर, पाठीवर झोपवा. तिथेच. उचलून गाडीत घालू नका.

४. छातीच्या मध्यभागी तळहातावर तळहात, कोपर ताठ. जोरात आणि भराभर दाबा. थांबू नका.

५. यंत्र आलं की आधी चालू करा. छाती उघडी करा, पुसा. एक पॅड उजव्या खांद्याखाली गळ्याच्या हाडाच्या खालच्या बाजूला, दुसरा डाव्या काखेखाली बरगड्यांवर. पॅडवर चित्र आहे. त्वचेखाली पेसमेकरचा फुगवटा दिसला तर त्याच्यावर नको, बाजूला लावा. औषधाची पट्टी असेल तर काढून पुसा.

६. यंत्र तपासत असताना आणि शॉक देताना कोणीही हात लावायचा नाही. मोठ्याने म्हणा: 'सगळे बाजूला!' शॉक बसला की लगेच पुन्हा छाती दाबा. रुग्ण हालचाल करू लागला तरी रुग्णवाहिका येईपर्यंत पॅड काढू नका, यंत्र बंद करू नका.

याच्यापेक्षा जास्त मजकूर नको. तोंडाने श्वास द्यायचं नीट शिकलेल्यांनी ३० दाब, २ श्वास हे प्रमाण वापरावं. इतरांनी फक्त छाती दाबावी. बुडालेला माणूस किंवा लहान मूल असेल तर श्वासाचं महत्त्व जास्त असतं, म्हणून पोहण्याच्या तलावाच्या जीवरक्षकांना ते शिकलेलंच हवं.

१०८ ची सेवा महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झाली. सुरुवातीच्या ९३७ रुग्णवाहिकांपैकी २३३ मध्ये प्रगत जीवरक्षक सोय होती. तिचं काम मोठं आहे, पण कात्रज चौकातल्या संध्याकाळच्या ट्रॅफिकमधून कोणतीही गाडी तीन मिनिटांत येऊ शकत नाही. पत्ता छापून ठेवायचा तो यासाठी की घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या इमारतीचं नाव आठवत नाही. आणि एक माणूस रस्त्यावर उभा राहून गाडीला हात करेल, हेही ठरवून ठेवा.

'नंतर पोलिसांचं लफडं झालं तर?'

हा प्रश्न प्रत्येक सभेत येतो आणि तो टाळू नये. भारतीय न्याय संहितेचं कलम ३० असं सांगतं की संमती घेणं शक्य नसलेल्या माणसाच्या भल्यासाठी, चांगल्या हेतूने केलेली कृती गुन्हा ठरत नाही. रस्ते अपघातात मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ चं वेगळं संरक्षण आहे. शिवाय हेही लोकांना सांगा: हृदय बंद पडलेल्या माणसाची स्थिती आपल्या मदतीने आणखी बिघडू शकत नाही. बरगडी मोडू शकते, मोडते. ती जुळते. जपानने २००४ पासून सामान्य नागरिकांना एईडी वापरायला मोकळीक दिली आणि तिथे स्टेशनांवर, शाळांत ही यंत्रं रोजची गोष्ट झाली आहे.

देखभाल

यंत्र स्वतःची तपासणी आपोआप करतं आणि हिरवा दिवा किंवा खूण दाखवतं. ती बघायला माणूस लागतो. एका माणसाचं नाव ठरवा आणि त्याच्या गैरहजेरीत दुसऱ्याचं. वॉचमनच्या रजिस्टरमध्ये पाण्याच्या टाकीच्या नोंदीशेजारी रोज एक रकाना: 'एईडी हिरवं आहे का'. महिन्यातून एकदा पेटी उघडून पॅडची मुदत, कात्री, रेझर बघा. मुदत संपायच्या तीन महिने आधीचा रिमाइंडर सेक्रेटरी आणि खजिनदार दोघांच्याही फोनमध्ये टाका. कमिटी बदलली की हे सगळ्यात आधी निसटतं, म्हणून कार्यभार सोपवताना चार्जच्या यादीत एईडीचा कागद असलाच पाहिजे.

यंत्राची जागा शेजारच्या दोन-तीन सोसायट्यांना, गल्लीतल्या दुकानदारांना, जवळच्या दवाखान्याला कळवा. त्यांनाही रात्री-अपरात्री ते नेता येईल असं ठरवा. आपल्या पैशाचं यंत्र बाहेरच्यांना कशाला, असं कोणी म्हणेल. पण आपला माणूस सकाळी दूध आणायला जातो तेव्हा तो बाहेरचाच असतो.

वापर झाल्यावर

रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांना चार गोष्टी सांगा: कधी कोसळला, छाती दाबायला कधी सुरुवात झाली, शॉक किती बसले, आधीचे आजार आणि औषधं माहीत असतील तर ती. यंत्रात सगळी नोंद साठलेली असते, विक्रेत्याकडून ती काढून हॉस्पिटलला द्या. जादा ठेवलेला पॅडचा संच त्याच दिवशी यंत्राला जोडा आणि नवीन मागवा.

मग ज्याने छाती दाबली त्याच्याकडे लक्ष द्या. सगळं वेळेत करूनही बरेच रुग्ण वाचत नाहीत. अशा वेळी वॉचमनला किंवा विशीतल्या एखाद्या मुलीला वाटत राहतं की आपलंच काहीतरी चुकलं. त्यांना एकटं सोडू नका. दोन-तीन दिवसांत त्या वेळी हजर असलेल्या सगळ्यांना एकत्र बसवा, शक्य असेल तर सोसायटीतल्या डॉक्टरांनाही बोलवा, काय झालं ते क्रमाने बोलू द्या. झोप लागत नसेल, तोच प्रसंग डोळ्यांपुढे येत असेल तर समुपदेशकाकडे न्या आणि त्याचा खर्च सोसायटीने करावा. वॉचमन एजन्सीचा असेल तर दुसऱ्या दिवशीची त्याची सुट्टी भरपगारी आहे, हे एजन्सीला लेखी कळवा.